मेक्सिको सिटीतला ऑक्टोबर : पंक, पाऊस आणि अदलाबदल

मेक्सिकोचं हार्डकोर पंक, म्हणजे रॉकचा वेगवान आणि आक्रमक प्रकार, मी कॉलेजात असल्यापासून ऐकते आहे. सुरुवात झाली मासाक्रे ६८ या बँडपासून. १९९० चा त्यांचा अल्बम कुणीतरी पेनड्राइव्हवर दिला होता. आवाज फाटका, गिटार मातीत बुडवून काढल्यासारखी, आणि गाणारा माणूस मात्र एकेक शब्द ठासून म्हणत होता. स्पॅनिश येत नव्हती तेव्हा. पुढे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले त्याचं मोठं कारण हेच. धाकटा भाऊ आयटीच्या नोकरीसाठी ग्वादालाहाराला गेला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात जायचं ठरलं. तो मेक्सिको सिटीत येऊन मला भेटणार, मग दोघं मिळून त्याच्या शहरी जाणार असा बेत होता.

व्हिसाचं आधीच सांगते : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या वकिलातीची वेळ मिळवायला बरेच आठवडे हाताशी ठेवा.

बॅगेत कपड्यांखाली एक पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात मुंबईच्या स्क्राइब या हार्डकोर बँडच्या सीडी, आणि रायट पेडलर्स या पंक बँडची गाणी घरी कॅसेटवर भरून, मुखपृष्ठाची झेरॉक्स काढून केलेल्या कॅसेटी. का, ते शनिवारी येईलच.

मंगळवार, १ ऑक्टोबर

शहरात येताना अर्धे रस्ते बंद. त्याच दिवशी क्लाउदिया शाइनबाउम यांनी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली होती आणि सोकालो चौक माणसांनी भरला होता. भाऊ हॉटेलच्या दारात उभा होता. "ताई, आज फक्त जेव आणि झोप. हे शहर २,२४० मीटरवर आहे, जिना चढताना कळेल." कळलं.

कोपऱ्यावर एक मावशी कोमालवर, म्हणजे तिथल्या मोठ्या तव्यावर, त्लाकोयो भाजत होत्या. निळ्या मक्याच्या पिठाचा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता गोळा, आत वाटलेल्या बाकल्याचं सारण. वरून उकडलेल्या निवडुंगाच्या फोडी, कांदा, चीज आणि हिरवी साल्सा. शाकाहारी मंडळींनी हा पदार्थ पाठ करून ठेवावा. फक्त सारणात किंवा भाजताना डुकराची चरबी आहे का, हे विचारून घ्या. मी दोन खाल्ले आणि तिसरा बांधून घेतला.

बुधवार, २ ऑक्टोबर

मासाक्रे ६८ हे नाव ज्या दिवसावरून आलं तो हा दिवस. १९६८ साली, ऑलिम्पिकला दहा दिवस उरले असताना, त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर लष्कराने आणि साध्या वेशातल्या सशस्त्र टोळीने गोळीबार केला. किती मेले याचा आकडा आजही एक नाही.

दुपारी आम्ही त्या चौकात पोहोचलो. एका बाजूला अॅझ्टेक मंदिराचे जोते, त्याला लागून त्याच दगडांतून बांधलेलं स्पॅनिश चर्च, आणि भोवती साठच्या दशकातल्या उंच इमारती. यातलीच एक, नुएवो लेऑन, १९८५ च्या भूकंपात कोसळली. चौकात १९९३ साली उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. त्यावर नावं आणि वयं कोरली आहेत, बरीचशी विशीच्या आतबाहेरची. खाली लिहिलंय की अजून पुष्कळ साथी असे आहेत ज्यांची नावं आणि वयं आम्हाला अद्याप माहीत नाहीत. मी तिथे उभी असताना एक आजी आल्या, पिशवीतून झेंडूची फुलं काढून पायथ्याशी ठेवली आणि शेजारी उभ्या असलेल्या केसांचा तुरा काढलेल्या पोराला म्हणाल्या, "जरा पाणी ओत रे यांच्यावर." त्याने बाटली उघडून निम्मं पाणी फुलांवर ओतलं, उरलेलं आजींना प्यायला दिलं.

त्याच सकाळी नव्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारच्या वतीने या हत्याकांडाबद्दल जाहीर माफी मागितली होती. त्या स्वतःला अडुसष्टची लेक म्हणवतात. स्मरणमोर्च्यासाठी जमलेल्या लोकांशी मी बोलले तेव्हा दोन्ही सूर कानावर आले. कुणी म्हणालं उशिरा का होईना, झालं. कुणी म्हणालं माफी कागदावर आहे, खटला कुठे आहे. दुसऱ्या म्हणण्यात जास्त वजन आहे असं मला वाटतं.

चारच्या सुमारास मोर्चा सोकालोकडे निघाला. विद्यापीठाचे आणि पॉलिटेक्निकचे जथे, कामगार संघटना, २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या आयोत्सिनापाच्या त्रेचाळीस विद्यार्थ्यांच्या फोटोंचे फलक. त्या घटनेलाही नुकतीच दहा वर्षं झाली होती. एकपासून त्रेचाळीसपर्यंत सगळे मिळून मोठ्याने मोजत जातात आणि त्रेचाळीसला 'न्याय!' अशी आरोळी उठते. मधूनच काळ्या कपड्यांतले, शिवलेल्या बिल्ल्यांच्या बंड्या घातलेले पंक. त्यांतले कित्येक चाळिशी-पन्नाशीचे, कडेवर पोरं घेतलेले. ही मंडळी दरवर्षी येतात. गाण्यात जे म्हणतात तेच रस्त्यावर चालतात.

एक महत्त्वाची सूचना. मेक्सिकोच्या राज्यघटनेचं ३३ वं कलम परदेशी माणसाला देशाच्या राजकारणात भाग घ्यायला मनाई करतं. म्हणून आम्ही मोर्च्यात न चालता फुटपाथवरून पाहत गेलो. या दिवशी मार्गावरची दुकानं फळ्या ठोकून बंद असतात, पुतळ्यांना पत्र्याचं कुंपण असतं, आणि शेवटाकडे पोलिसांशी झटापट होऊ शकते. सोकालोच्या अलीकडेच कुठेतरी बाजूच्या गल्लीत वळलेलं बरं. चेहऱ्यांचे जवळून फोटो काढू नका.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज सगळं पायी. जुन्या शहरात रेपुब्लिका दे कोलोम्बिया रस्त्यावर 'एल इहो देल आउइसोते' या उपहासात्मक वर्तमानपत्राचं घर आहे. तिथे आता फ्लोरेस मागोन बंधूंचं संग्रहालय आणि दप्तर आहे. रिकार्दो फ्लोरेस मागोन म्हणजे मेक्सिकन अराजकवादाचा, राज्यसत्ताच नको म्हणणाऱ्या विचाराचा, मूळपुरुष. १९०० साली त्याने 'रेहेनेरासिऑन' हे पत्र काढलं, हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या विरोधात लिहिलं, परागंदा झाला आणि १९२२ साली अमेरिकेतल्या तुरुंगात मरण पावला. याच घराच्या सज्जावर १९०३ साली 'राज्यघटना मेली आहे' असा फलक लावला होता. मिशाळ, चष्मेवाला मागोन इथल्या पंकांच्या शर्टांवर जितका दिसतो तितका कुठलाही गायक दिसत नाही.

ही परंपरा पंकांपर्यंत पोहोचली ती माणसांच्या हातून. स्पेनच्या यादवीनंतर मेक्सिकोत आलेले कॅटलान अराजकवादी रिकार्दो मेस्त्रे यांनी १९७८ साली मेक्सिको सिटीत 'बिब्लिओतेका सोसिआल रेकोन्स्त्रुइर' हे वाचनालय सुरू केलं. ऐंशीच्या दशकात वस्त्यांमधली पंक पोरं तिथे जाऊन बसायची, वाचायची, मेस्त्रेंशी वाद घालायची. सत्तरी ओलांडलेला माणूस सुया-साखळ्या लटकवलेल्या पोरांना स्वतःची पुस्तकं वाचायला देतो, हे मला फार मोलाचं वाटतं. एरवी 'अराजक' हा शब्द जगभरच्या पंकांनी भिंतीवर रंगवला; इथे त्यामागची पुस्तकं वाचली गेली.

दुपारी शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत पाहिली. त्याच सुमारास ती भित्तिचित्रांचं संग्रहालय म्हणून खुली झाली होती. हा फाटा मी मुद्दाम घेतला. दिएगो रिव्हेराच्या भाकरी वाटून खाण्याच्या चित्रात आपले वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे आहेत. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक इराण, जर्मनी असं फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोला आला, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागला, मक्याच्या जातींवर संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्यांच्या मक्याचे फोटो टीना मोदोत्तीने काढले आहेत. तिथल्या पहारेकरी काकांना मी सांगितलं की हे माझ्या मुलखातले. त्यांनी चित्राकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग तुम्ही घरच्याच." नागपूर-वर्ध्याकडच्या वाचकांनी तर हे चित्र चुकवूच नये.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

सांता मारिया ला रिबेरा ही जुनी, मध्यमवर्गीय वस्ती. बागेच्या मधोमध लोखंडी 'मोरिश' मंडप आहे, १८८४ च्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनासाठी घडवलेला. त्याच्या छपराखाली म्हातारी जोडपी दान्सोन नाचत होती. पण आमचं लक्ष होतं चोपो संग्रहालयावर. जर्मनीतल्या ड्युसेलडोर्फच्या प्रदर्शनातली लोखंड-काचेची इमारत सुटी करून बोटीने आणली आणि इथे उभी केली. बरीच वर्षं तिथे नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय होतं, डिप्लोडोकसच्या सांगाड्यासकट. सत्तरच्या दशकात विद्यापीठाने ती दुरुस्त करून आपलं संग्रहालय म्हणून खुली केली.

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, नाहीतर उद्याचा बाजार समजणार नाही. सप्टेंबर १९७१ मध्ये आवान्दारोला मोठा रॉक महोत्सव झाला, लाखाच्या वर पोरं जमली. तीनच महिने आधी शहरात विद्यार्थ्यांवर पुन्हा हल्ला झाला होता. एवढी तरुण गर्दी एकत्र आलेली पाहून सरकार बिथरलं. रेडिओवरून रॉक गेलं, मोठ्या कार्यक्रमांना परवानग्या मिळेनात, रेकॉर्ड कंपन्यांनी हात काढून घेतले. तेव्हा रॉक शहराच्या कडेला सरकलं : रिकामी गोदामं, अर्धवट बांधलेले हॉल, कुणाचं तरी अंगण. या जागांना 'ओयोस फोन्कीस' म्हणायचे. सत्तरच्या अखेरीस डेंजरस रिदम, साइझ अशा बँड आल्या, त्यांतली पोरं बऱ्यापैकी सुस्थितीतली. १९८२ ला पेसो गडगडला, काम मिळेना, आणि पंक गरीब वस्त्यांत उतरलं. रेबेल्ड पंक, मग एस्पेसिमेन, आतॉक्सिको, मासाक्रे ६८. वाद्यं उसनी, अॅम्प उसना, जागा उसनी. मेक्सिकन हार्डकोर इतकं कच्चं ऐकू येतं ते यामुळे. स्टुडिओचा एखादा तास मिळाला तर त्यात जेवढं होईल तेवढं घ्यायचं.

संध्याकाळी फोरो अलिसिया. इग्नासिओ पिनेदा यांनी डिसेंबर १९९५ मध्ये रोमा वस्तीत सुरू केलेली ही जागा स्वतःला 'भूमिगत संस्कृतींची प्रयोगशाळा' म्हणवते. पंक, स्का, सर्फ, हिपहॉप, झापातिस्तांच्या, म्हणजे चियापासमधल्या आदिवासी बंडखोरांच्या, मदतीसाठीचे कार्यक्रम, सगळं तिथे झालं. शहर महाग होत गेलं तसं २०२३ मध्ये त्यांना रोमातली जागा सोडावी लागली आणि ते इथे, सांता मारियात आले. प्रायोजक नाहीत, पाट्या नाहीत. भिंतीवर हाताने छापलेली पोस्टरं. अलिसियाची पोस्टरं हा वेगळाच खजिना आहे, एकेकापुढे दहा मिनिटं उभं राहावं अशी.

त्या रात्री तीन बँड होत्या. शेवटच्या बँडची ड्रमर मुलगी असेल एकोणीस-वीस वर्षांची. तिचा उजवा हात सतत चालू, गाणं संपलं तरी झांजेवरचा ठोका तसाच ठेवायची आणि त्यावर पुढचं गाणं सुरू व्हायचं. पंचवीस मिनिटांत सगळा कार्यक्रम उरकला. बाहेर धो धो पाऊस. मंडळी आडोशाला उभी राहून काग्वामा, म्हणजे बिअरची लिटरभराची बाटली, हातोहात फिरवत होती. थोडक्या पैशांत सगळ्यांचा घसा ओला होत होता.

पावसाचं : ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी चारनंतर पाऊस धरूनच चाला. पातळ रेनकोट आणि कानात घालायचे बोळे, दोन्ही खिशात हवेत.

शनिवार, ५ ऑक्टोबर : चोपोचा बाजार

४ ऑक्टोबर १९८० रोजी, शनिवारीच, चोपो संग्रहालयात रेकॉर्ड आणि मासिकांच्या अदलाबदलीचा बाजार भरला. आंखेलेस मास्त्रेत्ता तेव्हा संचालक होत्या. पुढे त्या मोठ्या कादंबरीकार म्हणून गाजल्या. कल्पना होती खोर्खे पांतोखा यांची, आणि बाजार चालायचा होता महिनाभर. महिना संपला तरी पोरं तिथून हलायलाच तयार नव्हती. १९८२ मध्ये बाजार संग्रहालयाबाहेर रस्त्यावर आला, तिथून शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि पोलिसांच्या धाडींमुळे या गल्लीतून त्या गल्लीत फिरत राहिला, आणि १९८८ पासून बुएनाविस्ता स्थानकाच्या मागे आल्दामा रस्त्यावर दर शनिवारी भरतो. आम्ही गेलो तेव्हा त्याचा चव्वेचाळिसावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता.

पुढचा भाग पाहून निराश होऊ नका. तिथे टी-शर्ट, बूट, चांदीच्या कवट्या, गॉथ पोशाख, सगळं विकत. चालत राहा. गर्दीतून अगदी टोकाला पोहोचलात की दुकानं संपतात आणि माणसं जमिनीवर चादर टाकून बसलेली दिसतात. हा अदलाबदलीचा कोपरा, इथल्या बोलीत 'त्रुएके'. त्याच टोकाला अराजक-पंक मंडळींची जागा : पत्रकं, झेरॉक्स केलेली मासिकं, मागोनची पुस्तिका, कैद्यांना पत्रं लिहायचं टेबल. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी जसं एकेका वस्तूपाशी उकिडवं बसून बोलावं लागतं, तसंच इथे बसावं लागतं.

मी खोका उघडला. पाचच मिनिटांत एक काका आले. पांढरी दाढी, गळ्यात चष्मा, हातात बुटांचा जुना खोका. स्क्राइबची सीडी उलटसुलट करून पाहिली. "मुंबई? हार्डकोर?" कानाला हेडफोन लावून त्यांच्या छोट्या प्लेअरवर दोन गाणी पूर्ण ऐकली. मान हलवत राहिले. मग आपल्या खोक्यातून एक कॅसेट काढली. मुखपृष्ठ बॉलपेनने रेखाटलेलं, त्याची झेरॉक्स, घड्या पडून कोपरे पांढरे झालेले. आतल्या बाजूला टंकलेखन यंत्रावर गाण्यांचे शब्द, 'न'च्या जागी शाईचा ठिपका, आणि सगळ्यात खाली एक ओळ : कॉपी करा, पुढे द्या. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या एस्कोर्बुतो आणि ला पोया रेकॉर्ड्स या बँडचं संगीत मेक्सिकोत असंच पसरलं, स्वीडन-फिनलंडचंही. टपालाने एक कॅसेट यायची, शनिवारी चोपोत तिच्या दहा व्हायच्या, पुढच्या शनिवारी शंभर. दुकानात यातलं काहीच मिळत नव्हतं.

मी भारतातली आहे म्हटल्यावर काकांनी एक गोष्ट सांगितली. २००८ च्या मार्चमध्ये केरेतारो शहरात 'इमो' पोरांना, म्हणजे हळवं रॉक ऐकणाऱ्या, कपाळावर झुलपं सोडणाऱ्या पोरांना, जमावाने मारलं. मग राजधानीत इन्सुर्खेन्तेसच्या गोल चौकात पुन्हा तसंच जमलं, एका बाजूला इमो आणि दुसरीकडे त्यांना मारायला आलेले, त्यांत पंकही होते. आणि मधून हरे कृष्णवाल्यांची मिरवणूक आली, टाळ-मृदंग वाजवत. हाणामारी तिथेच ओसरली. "तुमच्या लोकांनी आमची अब्रू वाचवली," काका म्हणाले. "ज्याला रोज पोलीस मारतात त्याने स्वतःहून दुबळ्याला मारायचं, याच्याइतकं पंकच्या विरुद्ध काही नाही." तिथल्या पंकच्या इतिहासात हा डागच आहे, आणि तो काकांनी न लपवता सांगितला याचं मला कौतुक वाटलं.

शेजारच्या चादरीवर एक पन्नाशीच्या बाई होत्या, बायकांनी काढलेली मासिकं घेऊन. ऐंशीच्या दशकाअखेरीस 'चावास आक्तीवास पंक' या मुलींच्या गटाने कार्यक्रम, पत्रकं, चर्चा सुरू केल्या, कारण कार्यक्रमांत पोरी असायच्या पण माइक पोरांकडे. विर्खिनिदाद साकुदिदा ही सगळ्या मुलींची बँड त्याच काळातली. बाईंनी माझी मुलाखतच घेतली : पुण्यात मुली वाजवतात का, रात्री घरी कशा जातात, जागा कोण देतं. मग एक पत्रक हातात ठेवलं. "आज रात्री नेसात तोकादा, म्हणजे गाण्याचा कार्यक्रम, आहे. तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला, एकटे नको."

व्यवहाराचं : बुएनाविस्ता मेट्रो, बी मार्गिका, तिकीट ५ पेसो. सकाळी अकराच्या पुढे जा, पाचला आवराआवर होते. सुटे पैसे ठेवा, फोन पुढच्या खिशात. अदलाबदलीसाठी आपल्याकडचं काहीही चालतं : कॅसेट, सीडी, बिल्ले, पोस्टर. जोडीला बँडबद्दल स्पॅनिशमध्ये चार ओळी लिहून नेल्या तर गप्पा तासभर चालतात. बाजारालगतच वास्कोन्सेलोस वाचनालय आहे, आत हवेत टांगलेली पुस्तकांची कपाटं आणि देवमाशाचा सांगाडा. पाऊस आला तर तिथे शिरा.

त्याच रात्री : नेसा

सिउदाद नेसावालकोयोत्ल, सगळे नेसा म्हणतात. आटलेल्या तेस्कोको तळ्याच्या खारट जमिनीवर गावाकडून आलेल्या लोकांनी वसवलेलं, १९६३ साली नगरपालिका झालेलं, आज दहा लाखांहून जास्त वस्तीचं. सुरुवातीला ना नळ, ना गटार, उन्हाळ्यात खाऱ्या धुळीची वादळं. ऐंशीच्या दशकात सारा मिंतर यांनी इथल्याच पंक पोरांना घेऊन व्हिडिओवर चित्रपट केला. मेक्सिकन पंकचं घर कुठे म्हणून विचाराल तर मी नेसाच म्हणेन.

कार्यक्रम एका घराच्या अंगणात होता. पत्र्याचं छप्पर, एका कोपऱ्यात धुण्याचा दगड, त्यावर साउंडचं सामान. ड्रमचं पेडल तारेने बांधलेलं. वीज शेजारच्या घरातून ओढलेली; शेजारीण आजी गच्चीवर खुर्ची टाकून वरून सगळं पाहत होत्या. दारात डब्यात वर्गणी टाकायची, 'कोपेराचा', ज्याला जमेल तेवढी. त्या रात्रीचे पैसे एका आजारी साथीदाराच्या औषधांसाठी होते. घरच्या बाई तोस्तादा विकत होत्या : कडक पुरी, त्यावर राजम्यासारख्या घेवड्याचा लगदा, कोबी, साय, आणि डोळ्यांत पाणी आणणारी साल्सा. शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांनी आतून भोपळ्याची फुलं आणि उइत्लाकोचे, म्हणजे मक्यावरची काणी, परतून आणली. आपल्याकडे शेतकरी काणी लागली की कपाळाला हात लावतो. इथे तिचा भाव मक्याहून जास्त. चव मातकट, खोल, मशरूमच्या जवळची.

बँडची नावं लिहीत नाही, त्यांनी तसं सांगितलं होतं. पहिल्या बँडचा गायक दिवसभर बस दुरुस्त करून आलेला, नखांत ग्रीस होतं. गाणं सुरू झालं आणि अंगण फिरायला लागलं. इथला 'स्लाम' बाहेरून भयंकर दिसतो : सगळे गोल गोल धावतात, कोपर, खांदे, बूट. मी भिंतीला टेकून पाहत होते. एक मुलगा पाय घसरून आडवा झाला. त्याच क्षणी चौघांनी हात पसरून कडं केलं, दोघांनी काखेत हात घालून उचललं, कुणीतरी त्याचा चष्मा डोक्यावर उंच धरून उभा राहिला. चष्मा मिळाला, पुन्हा धावायला सुरुवात. गाणं एवढ्यात थांबलंही नव्हतं. दुसऱ्या बँडच्या वेळी मीही आत गेले. खाली पडले नाही, पण दोन वेळा माझा तोल जायच्या आत कुणाचा तरी हात पाठीला होता.

मग पाऊस आला. पत्र्यावर असा कोसळला की गिटार ऐकू येईना. साउंडवाल्याने प्लास्टिकचा कागद टाकला, माइक बंद केला. बँड थांबली नाही; ड्रम चालू राहिला आणि शब्द सगळं अंगण म्हणू लागलं. गाणं बेपत्ता झालेल्यांवरचं होतं. मेक्सिकोत आज एक लाखाहून जास्त माणसं बेपत्ता म्हणून नोंदलेली आहेत. पाऊस ओसरल्यावर एक बाई पुढे आल्या. छातीवर मुलीचा फोटो असलेला शर्ट होता. त्यांनी मुलीचं नाव, वय, शेवटचं कुठे दिसली ते सांगितलं, आणि प्रत्येकाने पत्रकं वाटायला न्यावीत असं सांगितलं. सगळ्यांनी नेली. एकाही माणसाने त्या वेळात बिअर उचलली नाही. भाऊ हार्डकोरचा चाहता नाही, माझ्यासाठी आलेला. घरी जाताना गाडीत म्हणाला, "ताई, हे लोक गाण्यासाठी जमत नाहीत. जमायचं असतं म्हणून गातात." मी अनेक वर्षं ऐकत आलेल्या गोष्टीचं मर्म त्याने एका रात्रीत पकडलं.

नेसाला जायचं तर ओळखीच्या माणसाबरोबरच, आणि परतीची गाडी आधी ठरवून. मेट्रो मध्यरात्री बंद होते. गर्दीच्या वेळी मेट्रोचे पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात, त्यांचा उपयोग करा. फोटो काढण्याआधी विचारा. नको म्हणाले तर आग्रह नको.

शनिवार, १२ ऑक्टोबर : ग्वादालाहारा

मधला आठवडा भावाच्या घरी गेला, तो इथे सांगण्यासारखा नाही. या तारखेला सापोपानच्या देवीची मोठी यात्रा असते, पहाटेपासून शहर रस्त्यावर होतं. आम्ही गेलो आग्वा आसुल बागेसमोरच्या चौकात, तिथे चोपोच्या धर्तीवर 'तियांगिस कुल्तुराल' भरतो. आकाराने लहान, गप्पांना निवांत. सेदिसिऑन ही इथली जुनी, कणखर हार्डकोर बँड. त्यांच्या नावाचे बिल्ले अजून शिवले जातात. जेवायला तोर्ता आओगादा, तिखट रश्श्यात बुडवलेला पाव. शाकाहारी करून देतात, घेवड्याचं सारण घालून. पाव इथला आंबट आणि चिवट, म्हणून रश्श्यात विरघळत नाही.

उरलेल्या दोन कॅसेटी इथे गेल्या. त्यांच्या बदल्यात एक मासिक मिळालं आणि ते काढणाऱ्या मुलीने विचारलं, "पुढच्या अंकासाठी मुंबई-पुण्याच्या हार्डकोरवर दोन पानं देशील? फोटोपेक्षा पत्रकं पाठव, झेरॉक्सवर चांगली उठतात." माझं लिहिणं सुरू झालंय, पण माझ्याकडे २०१० च्या आधीची पत्रकं फारशी नाहीत. कुणाच्या कपाटात जुन्या गिगची पत्रकं, तिकिटं, हाताने लिहिलेल्या गाण्यांच्या याद्या असतील तर स्कॅन करून पाठवा. मूळ कागद मागत नाही. अंक छापून आला की ज्यांनी पाठवलं त्या प्रत्येकाला एक प्रत टपालाने मिळेल, तसं तिने कबूल केलंय.